जावईबापू आणि हिरव्या कोटाचं बटण

बटण आवडलं तर ती ते डाव्या तळहातावर ठेवते. नाही आवडलं तर टेबलावर.

दुकानात माणूस आला की आधी त्याच्या गळ्यापासून पोटापर्यंत बघते. मग चेहऱ्याकडे.

दोरा दातांनी तोडते. कात्री गळ्यात लटकत असते.

शिंक आली की आधी बटणांवर हात धरते, मग नाकावर.

चहा गार होऊ देते आणि गार झाला म्हणून चहालाच बोलते.

हरवलेली वस्तू सापडली की तिला आनंद होत नाही, राग येतो. "कुठे उलथलं होतंस?" असं त्या वस्तूला विचारते आणि उत्तराची वाट बघितल्यासारखी थांबते.

माणसाला, कितीही मोठा असो, अरे म्हणते. यंत्राला अहो. "अहो, चला आता, उगाच अडू नका," हे शिवणयंत्राला. लग्न केलं नाही, तेव्हा अहो म्हणायची हौस कुठेतरी भागवायला हवी, असं तिचं म्हणणं.

एवढं लिहिलं आणि माझ्या मैत्रिणीने खांद्यावरून वाचलं. हळहळली. "अरेरे. कधी गेल्या त्या?"

कुठेही गेलेली नाही. खाली दुकानात आहे. मी दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते आणि आत्ता, हे लिहिताना, फरशीतून तिचा आवाज येतोय. कुणाला तरी सांगतेय की बाबा रे, पोट आत घेतलंस तर हे बटण टिकेल, नाहीतर आपली रोजचीच भेट. मला वाटतं, माणूस धडधाकट असतानाच त्याच्यावर लिहावं. म्हणजे भांडायला तो असतो. हे वाचून ती म्हणणारच, "सगळं खोटं. मी चहा गरम पिते."

सगळे तिला मावशी म्हणतात. मीही म्हणते. ती मला बी.ए. म्हणते. साहित्याची पदवी घेऊन मी नोकरी शोधत होते. नोकरी सापडेपर्यंत खाली येऊन बसू लागले. अजून बसते.

दुकान बटणांचं. फक्त बटणांचं. तिच्या आईने सुरू केलेलं. अरुंद खोली, एका अंगाला जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खणांची भिंत. खणांवर चिठ्ठ्या नव्हत्या. आत जे बटण, तेच खणाच्या तोंडावर दोऱ्याने शिवलेलं. मावशी लहानपणी गल्ल्याखाली बसून रिकाम्या रिळांशी खेळायची. रांगत होती तेव्हाच पाठीला कडी असलेलं बटण आणि भोकांचं बटण यांतला फरक तिला कळायचा, असं तिची थोरली बहीण सांगते. "कडीचं घशात अडकायचं ना," असं पुढे म्हणते.

एकदा एकाने तिला मागणी घातली होती. चांगला होता म्हणे. शर्टाला मात्र तीन बटणं एका जातीची, चौथं वेगळं. मावशी म्हणाली, दे, जोडीचं लावून देते. तो म्हणाला, राहू दे गं, चालतंय, कोण बघतंय?

तिथेच संपलं.

"अगं, एवढ्यावरून?" मी विचारलं होतं.

"एवढ्यावरून नाही. 'चालतंय' वरून."

थोरली बहीण लग्न करून गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली, पण सकाळी दुकानात यायची, गिऱ्हाइकं सांभाळायची. धाकटीला मी अगं म्हणते, थोरलीला अहो. धाकच तसा आहे. थोरल्या मावशींचे गुडघे दुखतात. त्या जाड आहेत, हे त्या स्वतःच सांगतात, कारण दुसऱ्याने सांगितलेलं त्यांना खपत नाही. आणि त्यांच्या हिरव्या कोटाचं वरून दुसरं बटण कित्येक वर्षं नाही. तिथे सेफ्टी पिन असते. दुकानात इतकी बटणं आणि मालकिणीच्या कोटाला पिन. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्याचं जादाचं बटण कोट शिवला तेव्हाच दुकानात ठेवलं होतं, इथेच कुठेतरी आहे, असं दोघीही म्हणायच्या. शोधायचं मात्र कुणी नाही.

मग भिंत पडली.

झालं ते असं. खणांच्या भिंतीमुळे दुकानाचं दार पूर्ण उघडत नसे. बारीक माणूस सरळ आत यायचा, जाड माणूस आडवा. थोरल्या मावशींना आडवं यायचा कंटाळा आला. भिंत वीतभर सरकवू, त्या म्हणाल्या. तू ढकल, मी धरते, धाकटी म्हणाली. नाही, तू धर, मी ढकलते, थोरल्या म्हणाल्या. या वादात दोघींनी ढकललं. धरायला कुणीच नव्हतं.

मी वरून धावत आले तेव्हा दुकान दिसतच नव्हतं. बटणं उंबऱ्यावरून रस्त्यावर वाहत होती. शेजारच्या न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ओंजळभर बटणं घेऊन उभं होतं. मावशी ओरडली, "कुणी हलू नका!" आणि सगळा रस्ता एका पायावर थांबला.

कुणाला लागलं नाही. खण मात्र फुटले. बटणं झाडून पोत्यांत भरली, पोती संपल्यावर बादल्यांत. आईच्या वेळेपासून वेगवेगळी ठेवलेली सगळी बटणं एकमेकांत मिसळली होती. थोरल्या मावशी एका पोत्यावर बसल्या.

"धाकटे, पुरे झालं आता. भिंतीनेच सांगितलं."

"भिंतीने कशाला, तू सांगितलंस. ढकललं कुणी?"

"आणि धरणार होतं कोण?"

बराच वेळ हे चाललं. मग थोरल्या मावशी मऊ झाल्या. बटणं चिकटवून शोभेच्या चौकटी बनवणारा एक माणूस त्यांच्या ओळखीचा होता. तो सगळी पोती जशीच्या तशी उचलायला तयार होता. महिनाअखेर त्याचा टेंपो येणार. "तू माझ्याकडे राहायला ये. दिवसभर उभी असतेस, पाय बघ कसे सुजलेत. माझ्याकडे गच्ची आहे, ऊन आहे."

"मी काय वाळवण आहे, उन्हात टाकायला?"

"मग हे निवडणार कोण? तू? जन्म जाईल."

"गेला तर गेला. दुसरं काय करायचंय मला त्या जन्माचं?"

हे मावशी हसत म्हणाली. पण तिचा डावा हात पोत्यात होता आणि बाहेर येत नव्हता.

शेवटी थोरल्या मावशींनी अट घातली. "दुकान म्हणजे काय? माणूस आला, बटण मागितलं, मिळालं. मी गिऱ्हाईक. टेंपो यायच्या आत माझ्या कोटाचं बटण काढून दाखव. मिळालं तर दुकान राहील. नाही मिळालं तर मुकाट्याने माझ्याकडे."

"कबूल," मावशी म्हणाली. मला वाटलं, संपलं.

थोरल्या मावशींची मुलगी फरशांच्या एका कारखान्यात इंजिनीअर आहे. फरशीवरची बारीक चीर ओळखायला यंत्रांना शिकवणं हे तिचं काम. तिच्या हाताखाली माणसं आहेत, ती तिला मॅडम म्हणतात. मावशी तिला छकुली म्हणते. छकुली सुट्टी काढून आली. एक खोका घेऊन आली. खोक्यात दिवा, कॅमेरा, खाली छोटा फिरता पट्टा आणि बाजूला पेन्सिलीएवढा एक यांत्रिक हात. सोबत तिचा संगणक.

"हे कोण?" मावशीने विचारलं.

"हे तुला बटणं निवडून देणार."

मावशीने खोक्याभोवती एक फेरी मारली. "छकुलीने घरी आणलंय म्हणजे जावईच की हे. या जावईबापू, बसा."

तेव्हापासून त्याचं नाव जावईबापू. छकुली लाजली नाही, पण चष्मा पुसत राहिली.

सुरुवात झाली ती यंत्राशिवाय. छकुलीने भिंतीवर एक उलटं झाड काढलं, मूळ वर, फांद्या खाली. मुळाशी प्रश्न: भोकं आहेत का? हो म्हटलं की डावीकडे, नाही म्हटलं की उजवीकडे. डावीकडे पुढचा प्रश्न: दोन की चार? उजवीकडे: लोहचुंबकाला चिकटतं का? असं विचारत विचारत खाली यायचं. याला निर्णयवृक्ष म्हणतात, ती म्हणाली. कोणता प्रश्न आधी विचारायचा हे संगणक पूर्वीच्या उदाहरणांवरून ठरवतो. जो प्रश्न गर्दी सगळ्यात नीट फोडतो तो पहिला.

मला हे फार आवडलं. मी झाडाखाली बसून भराभर बटणं वाटू लागले. मग एका फांदीवर आलं: जुनं की नवं?

"मावशी, हे जुनं का?"

"कुणापेक्षा? माझ्यापेक्षा की तुझ्यापेक्षा?"

छकुलीने ती फांदी खोडली. सरळ प्रश्नांना झाड चांगलं, म्हणाली. मावशीसमोर टिकत नाही.

मग तिने जावईबापूंना कामाला लावलं. पहिल्यांदा काहीच सांगितलं नाही. नावं नाहीत, प्रश्न नाहीत. फक्त फोटो काढायचे आणि सारखं दिसेल ते सारख्यात टाकायचं. न सांगता गट पाडणं, हीसुद्धा एक रीत आहे. पट्टा फिरू लागला. जावईबापूंनी सुरेख ढीग पाडले. एक पांढऱ्यांचा, एक चकाकणाऱ्यांचा, एक मोठ्यांचा. आणि एक ढीग असा की त्यात सगळंच. पितळी, लाकडी, तान्ह्या बाळाच्या झबल्याचं, ओव्हरकोटाचं.

आम्ही तिघी त्या ढिगाकडे बघत बसलो. यांत सारखं काय?

मावशीने एक उचललं, बोट फिरवलं, बोट आम्हाला दाखवलं. धूळ. रस्त्यावर वाहत गेलेली सगळी बटणं त्यांनी एकत्र केली होती.

"चूक नाही त्यांची," छकुली म्हणाली. "सारखेपणा मागितला, मिळाला. कशातला हवा ते आपण बोललोच नाही."

"जावईबापू स्वच्छतेचे भोक्ते आहेत," मावशी म्हणाली आणि बादल्यांत पाणी भरायला उठली. दोन दिवस आम्ही बटणं धूत होतो.

आता नावं सांगायची वेळ आली. छकुलीला हवे होते आकार आणि रंग. मावशी म्हणाली, मी माझी नावं सांगेन. शाळकरी म्हणजे गणवेशाची पांढरी, मार खाणारी. साहेबी म्हणजे काळ्या कोटाची. हट्टी म्हणजे काजातून न निघणारी. रडवी म्हणजे कडेला खरचटलेली. आणि खास. खास म्हणजे काय ते तिला सांगता येईना. "दिसतं की," एवढंच.

"चालेल," छकुली म्हणाली. "तू फक्त दाखव. नियम सांगू नकोस. नियम ते शोधतील."

"कसे शोधतील?"

छकुलीने जरा विचार केला. "समज, आत पुष्कळ कारकून बसलेत. सगळे मठ्ठ. पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाला फोटोचा एवढासा तुकडा दिसतो. तो मागच्या रांगेला आपलं मत कळवतो. मागच्या रांगेतला कुणाचं जास्त ऐकतो, कुणाचं कमी, आणि स्वतःचं मत आणखी मागे कळवतो. शेवटचा म्हणतो, शाळकरी. तू म्हणतेस, चूक, हे रडवं. मग ज्याच्यामुळे चुकलं त्याचं ऐकणं सगळे थोडं कमी करतात. ज्याचं बरोबर होतं त्याचं थोडं जास्त. असं हजारो वेळा."

"म्हणजे आपल्या इमारतीची सभा."

"सभेत कुणी सुधारत नाही, मावशी. इथे सुधारतात. याला न्यूरल नेटवर्क म्हणतात."

मावशी खोक्यासमोर बसली आणि एक एक बटण दाखवू लागली. "अहो, हे शाळकरी. हे हट्टी. हे बघा, हे रडवं." मी कळ दाबून नाव नोंदवत होते. दुपारपर्यंत तिचा घसा बसला. दुसऱ्या दिवशी छकुलीने नवं, न दाखवलेलं बटण ठेवलं, कडेला बारीकसा टवका उडालेलं. पडद्यावर अक्षरं आली: रडवी.

तीन वर्षं मी कवितेत रडणं कुठून येतं ते शिकले. या खोक्याला रडणं माहीत नाही. टवका माहीत आहे. तरी शब्द बरोबर जागी पडला. मला अजून त्याचं काय करावं कळत नाही.

आता यांत्रिक हाताने बटण ढकलून योग्य बरणीत टाकायचं होतं. हाताला छकुलीने वेगळ्या रीतीने शिकवलं. काय करायचं ते सांगायचं नाही. बरोबर बरणीत पडलं की एक गुण द्यायचा, चुकीच्या बरणीत पडलं की दोन काढायचे. गुण वाढवायची युक्ती हात आपली आपण शोधेल. शिक्षा-बक्षिसाने शिकणं. सकाळी सुरू केलं, जेवायच्या वेळेपर्यंत हात धडपडत होता, बटणं उडवत होता. जेवून आलो तर हात स्थिर. बटणं समोरून जातायत, तो बघतोय.

"बिघडला?" मी म्हटलं.

छकुलीने आकडे बघितले आणि कपाळाला हात लावला. "नाही. हुशार झाला. काही केलं तर गुण जायची भीती. काही नाही केलं तर शून्य. शून्य उण्यापेक्षा बरं."

मावशी खुर्चीवरून पडायची राहिली. "अगं, अस्सल जावई निघाले! बसून खातात!"

बसून राहिल्याबद्दलही गुण कापायचे असं ठरवल्यावर जावईबापू उठले. मग मात्र काम वाऱ्यासारखं चाललं. बरण्या भरू लागल्या. मावशी सगळ्या रस्त्याला बोलावून दाखवू लागली. टेंपो यायला आठवडा होता आणि मावशी गाणं गुणगुणत होती.

तेव्हा थोरल्या मावशी बघायला आल्या. आडव्या नाही, सरळ. भिंत पडल्यापासून दार पूर्ण उघडत होतं.

"हे काय, सगळं ओळखतं?"

"दाखव की हवं ते," मावशी म्हणाली. नाक वर होतं.

थोरल्या मावशींना खोकला होता. त्यांनी पर्समधून खोकल्याची गोळी काढली, कागद सोडवला, गोळी डाव्या तळहातावर ठेवली आणि हात कॅमेऱ्याखाली धरला.

पडद्यावर आलं: खास.

थोरल्या मावशी हसल्या. हसता हसता खोकल्या. खोकून परत हसल्या. "वाचलं गं तुझं दुकान! आता बटणं राहू दे, गोळ्या वीक!"

छकुलीने त्यांचा हात बाजूला घेतला. गोळी टेबलावर ठेवली. पडद्यावर आलं: शाळकरी. परत तळहातावर. खास. मग तिने नुसता रिकामा तळहात धरला. खास.

ती हळूच मावशीकडे वळली. मावशी आपल्या डाव्या हाताकडे बघत होती.

आवडलेलं बटण ती तळहातावर ठेवते. आयुष्यभर ठेवत आली. जावईबापूंना दाखवतानाही खास बटणं तिने हातावर धरून दाखवली होती, बाकीची टेबलावर. जावईबापू बटण बघतच नव्हते. हात बघत होते. मी शेजारीच बसले होते. मला दिसलं नाही. छकुलीलाही नाही.

"ते सोपं पडतं ना," छकुली म्हणाली. "बटण ओळखण्यापेक्षा हात ओळखणं सोपं. यंत्र नेहमी सोपी वाट धरतं."

मावशीने हात उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाली, "मीपण तेच करत होते की काय? हातावर ठेवलं म्हणून खास वाटायचं?"

थोरल्या मावशींनी गोळी उचलून तोंडात टाकली.

सगळे फोटो पुन्हा. प्रत्येक बटण टेबलावर, प्रत्येक बटण हातावर, उलटं, सुलटं, कापडावर, माझ्या हातावर, न्हाव्याच्या हातावर. मावशीला सवय आवरेना, म्हणून ती डाव्या हातावर बसून काम करू लागली. अक्षरशः हात खाली, वर ती. मुंग्या आल्या की उठून हात झटकायची आणि हाताला बोलायची. तिला तो हात इतका कधी दिसलाच नव्हता, म्हणाली.

टेंपोच्या आदल्या सकाळी शेवटचं पोतं संपलं. बरण्या ओळीत उभ्या. प्रत्येक बटणाचा फोटो आणि बरणी संगणकात. थोरल्या मावशी कोट घेऊन आल्या.

आधी थोडी थट्टा झाली. छकुलीने फोनवरच्या बोलक्या मदतनिसाला विचारलं, आमच्या दुकानातलं कोटाचं बटण कुठे असेल? तो आत्मविश्वासाने म्हणाला, बहुधा डावीकडच्या तिसऱ्या खणात. आमच्याकडे खणच उरले नव्हते. तो पुस्तकंच्या पुस्तकं वाचून पुढचा शब्द कोणता शोभेल याचा अंदाज करतो, छकुलीने सांगितलं. बटण त्याने पाहिलेलं नाही.

"अरे, हा तर आपला न्हावी," मावशी म्हणाली. शेजारून आवाज आला, "ऐकू येतं हं मावशी!"

मग कोटावरच्या बटणाचा फोटो काढला. छकुलीने सांगितलं, याच्याशी सगळ्यात मिळतं काय ते शोधा. प्रत्येक फोटो म्हणजे जावईबापूंच्या लेखी आकड्यांची एक रांग असते. ज्यांचे आकडे जवळ, ती बटणं जवळची. पडद्यावर हिरवी बटणं आली. फिकट, शेवाळी. आम्ही बरण्यांतून काढून एक एक कोटाला लावून बघितली. एक मोठं. एकाची भोकं दूर. एकाची कड जाड. शेवटचं एक उरलं. ते लावलं तर मला तरी फरक दिसेना.

छकुलीने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"आई, हे चालेल ना?" छकुली म्हणाली.

थोरल्या मावशींनी बटण हातात घेतलं, बघितलं, काही बोलल्या नाहीत. 'हो' म्हणाल्या असत्या तर दुकान तिथेच वाचलं असतं.

मावशीने त्यांच्या हातातून ते घेतलं. प्रकाशात धरलं. टेबलावर ठेवलं.

"नाही. हे ते नाही. कड बघ, मशीनची आहे. तुझी हाताने घासलेली." ती उठली, एप्रन सोडला. "चालतंय म्हणणारं दुकान मला नको, ताई. येऊ दे तुझा टेंपो. येते मी तुझ्याकडे. ऊन बघू कसलं आहे ते."

एप्रनची घडी घालताना तिला दोनदा घालावी लागली.

मी नाकारलेली बटणं परत बरण्यांत टाकू लागले.

थोरल्या मावशी कोट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कोटाचं एक बटण त्या बोटांत फिरवत होत्या. फिरवता फिरवता थांबल्या. जिंकल्या होत्या. उठून जायचं होतं फक्त. मग त्या एकदम चिडल्या.

"अगं बावळटांनो, पाठ बघा ना याची!"

"काय?"

"पाठ! मी हा कोट किती उन्हात घातलाय, किती धुतलाय. पुढून उडालाय रंग. जे खणात पडून राहिलं त्याला ऊन कुठलं? ते कशाला शेवाळी असेल?" त्यांनी बटण उलटं केलं. कोटाला टेकलेली बाजू गडद होती. इतकी गडद हिरवी की जवळजवळ काळी. "मलाच सांगावं लागतं सगळं. इंजिनीअर म्हणे."

छकुलीने घाईघाईने पाठीचा फोटो काढला. आकार पुढचा, रंग मागचा, असं सांगितलं. पटकन उत्तर आलं. एकच बटण, ठळकपणे पुढे. बरणी: साहेबी. काळ्यांत जाऊन बसलं होतं. जावईबापूंनी त्याला काळं धरलं होतं आणि आम्ही कुणी जन्मात त्या बरणीत बघितलं नसतं.

मावशीने साहेबी बरणी टेबलावर उपडी केली. आम्ही चार डोकी वाकलो. सापडलं ते तिलाच. हाताने घासलेली कड. मध्ये एक बारीक रेघ, गोल. कोटावरच्या बटणांची रेघ केव्हाच झिजून गेली होती, थोरल्या मावशी म्हणाल्या, पण होती.

मी वाट बघत होते की आता ती विचारणार, कुठे उलथलं होतंस. विचारलं नाही. तिने ते डाव्या तळहातावर ठेवलं नाही. थोरल्या मावशींचा हात ओढला, उघडला, त्यावर ठेवलं.

थोरल्या मावशी बटणाकडे बघत राहिल्या.

"कुठे उलथलं होतंस?" त्यांनीच विचारलं.

दुसऱ्या दिवशी टेंपो आला. मावशीने ड्रायव्हरला उतरवलं, त्याच्या शर्टाचं बटण लावून दिलं आणि रिकामा परत पाठवला.

जावईबापू आता गल्ल्याशेजारी असतात. त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून मावशी रुमाल घालते. छकुली सुट्टीच्या दिवशी येऊन त्यांना नवं काहीबाही शिकवते. गिऱ्हाईक कोटासकट वाकून कॅमेऱ्याखाली उभं राहतं, पडद्यावर बरण्या येतात आणि मावशी त्यातलं एक नाकारते. रोज एक तरी नाकारते. त्यांना माज येऊ नये म्हणून.

राहता राहिला कोट. बटण सापडलं त्याच सकाळी मावशीने सुई ओवली, हिरवा दोरा घेतला आणि बटण लावायला बसली. दोन टाके घातले. तेवढ्यात दार उघडलं, पूर्ण उघडलं, आणि भिंत पडल्यापासूनचं पहिलं गिऱ्हाईक आत आलं. कोट हाताने मिटून धरलेला माणूस. मावशीने आधी गळ्यापासून पोटापर्यंत बघितलं.

"थांब गं ताई, एवढं बघते," म्हणाली आणि सुई कोटात टोचून उठली.

तेव्हापासून थोरल्या मावशी पुन्हा रोज सकाळी येतात. "कोट न्यायला आले," म्हणतात. मग स्टुलावर बसतात, बसल्या आहेत तर गिऱ्हाइकं बघतात, संध्याकाळी दुसराच एक कोट घालून, त्यालाही पिनच, घरी जातात.

"झालंच गं, दोन टाके राहिलेत," मावशी म्हणते.

"काही घाई नाही," थोरल्या मावशी म्हणतात.

हिरवा कोट दारामागे खिळ्याला आहे. दुसरं बटण दोन टाक्यांवर लोंबतंय. सुई दोऱ्यासकट तिथेच आहे.